हळू वाजवायचा ढोल

सणांवर इतकं प्रेम करणारा आणि सणांच्या इतकं हात धुऊन मागे लागणारा, असा आमच्या घरमालक काकांसारखा माणूस नाशिकने दुसरा पाहिला नसेल. पंचवटीत बाराही महिने कुठे ना कुठे घंटा चालूच असते. तिथे राहून हा माणूस एकही सण चुकवत नसे आणि एकही सण शेजाऱ्यांना सुखाने करू देत नसे. नास्तिक म्हणावं तर पहाटे अंघोळ करून देवघरात बसत. आस्तिक म्हणावं तर पूजा मधेच थांबवून देवालाच विचारत, "हे असंच का?" देव काही बोलत नसे. मग काका आम्हा भाडेकरूंना विचारत. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि पळून जायला दुसरा जिना नव्हता.

मी किनवटकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून इथे आले. मला पहिल्यापासून सगळ्याचीच धास्ती. नळ नीट बंद केला का, गॅसचं बटण फिरवलं का, जिन्यात आपले पाय जोरात तर वाजले नाहीत ना. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी अटी सांगितल्या नाहीत. एक ओळ गुणगुणले आणि मला म्हणाले, "हे आधी कुठे ऐकलंय का?" मला वाटलं, खोली मिळणं या उत्तरावर आहे. मी भीतभीत म्हटलं, "नाही." "मग माझंच असेल," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए किनवट, जरा खाली ये," असं ऐकू आलं की समजायचं, नवी चाल सुचलीय.

आपल्याला सुचलेली प्रत्येक चाल दुसऱ्याची तर नाही ना, ही काकांची कायमची शंका. त्यामुळे दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही सापडला की त्याला ऐकवून खात्री करून घेत. एका दुपारी मी भाजी निवडत होते. त्यांनी काहीतरी गुणगुणलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकल्यासारखं वाटतंय, काका." झालं. त्यांनी ती चाल तिथेच टाकून दिली, आणि टाकली म्हणजे टाकलीच. मी किती म्हटलं की मला त्यातलं काही कळत नाही, मी आठवी शिकलेली. तर म्हणाले, "कानाला इयत्ता नसते." पुढे कितीतरी दिवस मला त्या चालीची टोचणी लागून राहिली. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटत होतं. माझ्या बोलण्यावरून कुणी एखादी गोष्ट ठेवावी किंवा टाकावी, असं आजवर कधी झालं नव्हतं.

काकांची सगळी नोकरी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात, पत्र्याला रिवेट मारण्यात गेली. त्या आवाजाने डावा कान निकामी केला आणि उजव्याला स्वर शोधायची सवय लावली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं एकेक भांडं बोटाने वाजवून त्याचा स्वर ठरवला आणि बुडाशी लाल रंगाने लिहून टाकला. काकूंनी सुरुवातीला डोकं धरलं, मग नाइलाजाने त्या शिकल्या. "अहो, तो पंचम मोकळा करा, भात टाकायचाय." "मध्यमात आमटी आहे, वाजवाल हं." एकदा काकूंची भावजय राहायला आली होती. चार दिवस हे ऐकून जाताना तिने हळूच विचारलं, "वन्सं, हा पंचम दिसला नाही कुठे. सुटीवर आहे का?" तिला वाटलं होतं, कामाला गडी ठेवलाय.

सणांना 'का' विचारायची काकांची पद्धतही अशीच कारखान्यातली. नुसतं बोलून थांबत नसत, चाचणी घेत. दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडे येतात, तर नेमकं कोण कुणाचं खातं, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी एका करंजीच्या कडेला रिवेटएवढा खळगा पाडला आणि ती समोरच्या आजींच्या ताटात ठेवून दिली. भाऊबीजेला तीच करंजी गिरणीवाल्यांच्या ताटातून आमच्या घरी परत आली. एखाद्याने गुपचूप खाऊन टाकली असती. काका ती बशीत घालून घरोघर दाखवून आले. गल्लीने तुळशीच्या लग्नापर्यंत काकूंशी अबोला धरला. काकांशीही धरला होता, पण त्यांना तो कळला नाही. त्यांना वाटलं, लोक डाव्या बाजूने बोलताहेत.

दसऱ्याला ते आपट्याऐवजी कढीपत्ता वाटत. "सोनं घ्या," म्हणत आणि वर समजावत, "हे फोडणीत घालता येतं." होळीला सगळी गल्ली बोंब मारते, पण त्यात मेळ नाही, हे त्यांना बरीच वर्षं खुपत होतं. मग एका वर्षी त्यांनी गल्लीतली पोरं जमवून तीन स्वरांत बोंब बसवली. खालचा सा मोठ्या पोरांचा, पंचम मधल्यांचा आणि वरचा सा शेंबड्यांचा. होळी पेटल्यावर ती बोंब इतकी गोड निघाली की समोरच्या आजींनी चपला काढून हात जोडले आणि शेजारच्या गल्लीतून दोन जण प्रसाद कधी आहे ते विचारून गेले. पोरांचा मात्र हिरमोड झाला. बोंब मारल्यासारखं वाटलंच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण काकूंनी एकदा पोळ्या लाटता लाटता मला सांगितलं, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय बघ. एकदा तरी माझं केलेलं दुसऱ्या कुणी वाजवलं पाहिजे, म्हणतात. भांडी वाजवून कुणाचं पोट भरतं का गं? पण वाजवणारं कुणी मिळालंच नाही." एवढं बोलून त्यांनी पोळी उलटली आणि विषयही.

मग माझी मुलगी आली. सातव्या महिन्यात मी किनवटला जायचं, बाळंतपण आईकडे, असं ठरलं होतं. तिकीटही काढलं होतं. मुलगी तिकिटाच्या आधी आली. नवरा कामावर होता. गल्लीच्या ढोल पथकाचा म्होरक्या पप्पूदादा, त्याचा भाजीचा टेम्पो होता. त्याने कोबीच्या गोण्या बाजूला सारल्या, आणि काका-काकू मला घेऊन मागे बसले. काकू माझा हात धरून. काका टेम्पोच्या पत्र्यावर बोटं वाजवत. द्वारका सर्कलच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा काका माझ्याकडे वाकून म्हणाले, "किनवट, हे आधी कुठे..." काकू ओरडल्या, "अहो, निदान आत्ता तरी नका विचारू तिला!" मी कळ दाबून म्हटलं, "नाही, काका." आणि खरंच नव्हतं ऐकलेलं.

मुलगी बरेच दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. घरी आणली तेव्हा गणपती बसले होते. एवढीशी, वाटीत मावेल अशी. भांडं पडलं तरी दचकून दूध सोडायची, आणि एकदा सोडलं की पुन्हा तोंडच लावायची नाही. वजन वाढलं नाही तर परत पेटीत ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई फोनवर रोज विचारायची, "पेली का व माय?" आणि मी रोज म्हणायचे, "पेली, पेली." अनंत चतुर्दशीला गल्लीचा गणपती निघणार होता आमच्या खिडकीखालून, पुढे पथक घेऊन. नाशिकचा ढोल म्हणजे काय, ते ज्याच्या खिडकीखालून गेलाय त्याला विचारावं. नुसती काच नाही, छाती वाजते. आणि मी तर परगावची भाडेकरू. गल्लीने एवढं केलं माझ्यासाठी, त्या गल्लीला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमचा सण जरा आवरा? एका दिवसापुरतं कुणाकडे जावं, याचा विचार करत बसायचे. जायला कुणी नव्हतं.

काकूंनी परस्पर पप्पूदादाच्या कानावर घातलं. तो पथकातली पोरं घेऊन काकांच्या ओट्यावर आला आणि मला खाली बोलावून म्हणाला, "वहिनी, टेन्शन नाय घ्यायचं. तुमच्या दारावरनं आम्ही बंद ठेवून जातो. लय तर लय पाच मिनिटांचा विषय हाय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण काका म्हणाले, "बंद? बंद ठेवणं म्हणजे वाजवणं नव्हे."

"काका, पोरगी झोपंल ना."

"झोपेल की. पण मग ढोल कमरेला बांधून काय मिरवायचा? हळू वाजवा. माझ्याकडे तसा ताल बांधून तयार आहे."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. यामागचा काकांचा प्रश्न त्यांना पाठ होता, दर भाद्रपदात निघायचा. पाहुणा निघाला की आपण आवाज खाली आणतो, सांभाळून जा म्हणतो, मग गणपती निघाला की त्याच्या कानाशी का बडवतो? एवढाले कान देवाला दिलेत ते कशासाठी?

"काका," पप्पूदादा म्हणाला, "दुसऱ्या मंडळांनी बघितलं तर नाक राहील का आपलं?"

"गल्लीपुरतं रे. मेन रोडला लागलात की फोडा ढोल."

पप्पूदादाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. "बरं," तो म्हणाला, "पण वहिनींसाठी. तुमच्यासाठी नाय."

"चालेल," काका म्हणाले. कुणासाठी हा मुद्दा त्यांना किरकोळ वाटला असावा. मग ते जिना चढून वर आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि मुलीला म्हणाले, "अगदी वेळेवर आलीस हो." एवढं आधी आलेल्या मुलीला तसं म्हणणारे तेच पहिले.

तालीम टेम्पो लावतात त्या मोकळ्या प्लॉटवर चालायची. ढोल बडवायच्या काठ्यांना, टिपरूंना, काकूंच्या जुन्या गोधडीचे तुकडे बांधले होते, आणि दुसऱ्या बाजूने थापेऐवजी नुसती बोटं. पप्पूदादा घामाघूम होऊन सांगायचा, "वहिनी, जोरात वाजवायला काय नाय लागत. हे हळू लय जड जातंय. हात शिवशिवतात." काकांना उजव्या कानाचाही भरवसा नसल्यामुळे त्यांनी परीक्षक म्हणून तारेवरचे पारवे नेमले होते. पारवे उडाले की पुन्हा पहिल्यापासून. आरडाओरडा एकाच गोष्टीसाठी व्हायचा, "आवाज आला! कोणाचा आला?"

मला मात्र तालमीला यायची बंदी होती. काका म्हणाले, "तू त्याच दिवशी ऐकायचं, खिडकीतून. आणि मग मला सांगायचं, हे आधी कुठे ऐकलंस का. खरं सांगायचं. ऐकलं असलं तर ऐकलंय म्हणायचं." इतक्या वर्षांनी माणसाचं कुणीतरी वाजवणार, आणि ते त्याचंच आहे की नाही हे मी सांगायचं. मला मुलीची काळजी होतीच, आता हीपण लागली. चतुर्दशीच्या सकाळी बंद असलेला नळ मी चारदा बंद केला.

दुपारी मुलीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. कितीतरी दिवसांत सलग झोप नव्हती. गल्लीच्या तोंडाशी, गिरणीपाशी मिरवणूक वळली. पुढे काका, रिकाम्या हाताने, नवा सदरा घालून. मागे पप्पूदादा, त्याच्या मागे सगळं पथक, आणि मग ट्रॉलीवर गणपती. सगळ्यांचे हात हलत होते.

आता गल्लीचं काय झालं ते सांगते. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षांची रीत अशी की ढोल वाजला की गणपती दाराशी आला. घड्याळ कुणी बघत नाही. ढोल ऐकू आला की बायका पदर सारखा करून आरतीचं ताट आणि शिदोरीचा दहीभात घेऊन बाहेर येतात. त्या दिवशीही सगळ्या जणी नटूनथटून, ताटं सजवून आपापल्या घरात बसल्या होत्या आणि ढोलाची वाट बघत होत्या. समोरच्या आजी तर दाराला पाठ लावून बसल्या होत्या. गणपती त्यांच्या उंबऱ्यावरून गेला. कुणी बाहेर आलं नाही. पथकातल्या पोरांनाही वाटेना की हाक मारावी. काकांनी बजावलं होतं, शेवटपर्यंत आवाज नको. मेन रोडला लागल्यावर त्यांनी जे काही फोडलं ते गल्लीत ऐकू आलं, पण सगळ्यांना वाटलं दुसरं मंडळ असेल, आपला अजून यायचाय.

पोरं गुलालात माखून परत आली तेव्हा आजींनी दारातून विचारलं, "का रे, निघाला का आपला?"

"आजी, पोचला पण."

मग जे झालं ते सगळ्या नाशिकने ऐकलं असेल. "अरे, शिदोरी न देता पाठवलात देवाला?" आजी रडायलाच लागल्या. एकेक दार उघडलं. दहीभाताचे डबे हातात घेऊन सगळ्या जणी काकांच्या ओट्यापुढे उभ्या. "तुमचं ते हळू घाला चुलीत!" काकू आत तोंड लपवून बसल्या. काका सगळं ऐकून घेत होते, आणि त्या दिवशी बायका उजव्या बाजूलाच उभ्या होत्या. शेवटी ते आजींना म्हणाले, "पाहुणा पुढे गेला तर आपण डबा मागून पोचवतो ना? द्या इकडे." आत जाऊन पंचम, मध्यम, जी मिळाली ती पातेली आणली, त्यांत सगळ्यांचा दहीभात ओतून घेतला आणि स्कूटरवर पप्पूदादाला मागे बसवून गोदावरीवर गेले. नदीत टाकायला त्यांना पटलं नाही. सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गणपती पोचवणारी पोरं होती, त्यांना वाढलं. आजींना येऊन सांगितलं, "ज्यांच्या हातून गेला, त्यांच्या हातात दिलं." आजींनी डोळे पुसले. पण "पुढल्या वर्षी असलं काही केलंत तर बघा," हेही म्हणाल्या.

दिवेलागणीला काका वर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, नव्या सदऱ्यावर दह्याचे डाग. गल्लीची बोलणी त्यांनी जिन्याखालीच ठेवली असावीत. दारात उभे राहून एकदम हळू आवाजात म्हणाले, "हं, बोल किनवट. आधी कुठे ऐकलंस का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. नाही, काका, एवढंच म्हणायचं होतं. ते तर मी रोज म्हणायचे. पण त्यांनी खरं सांगायला सांगितलं होतं.

"काका," मी म्हटलं, "मला झोप लागली."

त्यांनी मग पाळण्याकडे बघितलं. "आणि ही?"

"ती पण झोपली होती."

"दोघी?"

"हो, काका."

"साधारण कुठे आल्यावर?"

"गिरणीपाशी तुम्ही वळलात. सगळ्यांचे हात हलताना दिसले. पुढचं काही आठवत नाही."

"म्हणजे सुरुवातीलाच."

"हो."

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. काकांनी पुन्हा एकदा पाळण्यात बघितलं. "दूध?"

"उठली आणि सगळं प्यायली. आज पहिल्यांदाच."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरायला लागले. मधल्या पायरीवर एक पाय अधांतरी ठेवून थांबले. चाल सुचली की ते असेच थांबत. मी वाट बघितली, पण गुणगुणणं आलं नाही. मग पाय खाली टेकवून ते गेले.

मुलगी परत पेटीत गेली नाही. पुढच्या वर्षी ढोल नेहमीसारखा वाजला, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि वर्षाची झालेली मुलगी माझ्या कडेवर टाळ्या पिटत होती. पथकात सगळ्यांत जोरात काका वाजवत होते. हळू वाजवायचं त्यांनी परत कधी काढलं नाही.

आता आम्ही सिडकोत राहतो, नवऱ्याच्या कारखान्याजवळ. दसऱ्याला कढीपत्ता आणायला मात्र पंचवटीत जातो. गल्लीतल्या बायकाही हल्ली आपट्याची पानं घेतात आणि मग दबक्या आवाजात, "काका, ते फोडणीचं?" म्हणतात. काकांचा उजवा कानही आता उतरलाय. त्यामुळे "आधी कुठे ऐकलंय का" हे त्यांनी विचारणं सोडलंय. उत्तरच ऐकू येत नाही.

या दसऱ्याला मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "काका, ते वाजवून दाखवा ना. त्या दिवशीचं."

"त्याला अख्खं पथक लागतं," ते म्हणाले. पण जरा वेळाने उठले, स्वयंपाकघरातून पंचम आणला, पालथा घातला, बोटांना रुमाल गुंडाळला आणि सुरू केलं. बोटं हलताना दिसत होती. बाहेर रिक्षा गेली, कुणाचा तरी कुकर झाला. मुलगी जमिनीवर आडवी होऊन पातेल्याला कान लावून पडली होती.

"येतंय का ऐकू?" काकांनी मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मग बरोबर चाललंय," ते म्हणाले आणि वाजवत राहिले.

मुलीने डोळे न उघडताच मला हाताने खूण केली, गप्प बस म्हणून. काकू धुतलेल्या तांदळाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पातेलं मागायला आल्या होत्या. तशाच उभ्या राहिल्या.